डॉ. वॉल्टर कॅनन आणि क्रुद्ध मांजर

कुत्रा भुंकत अंगावर आला म्हणजे मांजर पाठीची कमान करतें, केस पिंजारतें, दांत विचकतें, आणि वेळ आलीच तर कडकडून चावतें. त्या क्षणीं त्याच्या शरीरांत काय घडतें, ह्याच्या शोधांत डॉ. कॅनन ह्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं.

वॉल्टर ब्रॅडफोर्ड कॅनन ह्यांचा जन्म १८७१ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं झाला. वडील रेल्वेंत नोकरीस होते. मुलाचें अभ्यासाकडे लक्ष नाहीं असें पाहून त्यांनीं चौदाव्या वर्षीं त्याला शाळेंतून काढून रेल्वेच्या कचेरींत बसविलें. दोन वर्षांनीं मुलगा शाळेंत परतला, तो नेटानें अभ्यास करून हार्वर्ड विद्यापीठांत जाण्यासाठींच. ह्याच वयांत त्याच्या मनांत धर्मविषयक शंका उत्पन्न झाल्या. तो पाळकांकडे गेला असतां थोर पंडितांच्या अधिकाराचा धाक दाखवून त्याला गप्प बसविण्यांत आलें, आणि तो मंडळीपासून दुरावला. हें वाचतांना माझ्यासारख्या ख्रिस्ती शिक्षकाला मान खालीं घालावी लागते.

१८९६ च्या अखेरीस, वैद्यकाच्या पहिल्याच वर्षांत, कॅनन ह्यांनीं नवीन क्ष-किरणांच्या साहाय्यानें प्राण्यांची पचनक्रिया पाहण्यास आरंभ केला. मांजराच्या अन्नांत बिस्मथ मिसळलें म्हणजे जठराची सावली पडद्यावर दिसे. मांजर स्वस्थ असे तोंवर जठरावर लाटा उठत. तें भ्यालें किंवा चिडलें कीं त्या एकदम थांबत. दुसरा कोणी ही प्रयोगांतील अडचण समजून मांजर बदलता. कॅनन ह्यांनीं त्या अडचणीचाच पाठपुरावा केला.

१९०६ मध्यें ते हार्वर्ड येथें मुख्य प्राध्यापक झाले. १९११ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी डी ला पाझ ह्यांनीं एका मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. त्यापूर्वींचें आणि नंतरचें रक्त घेऊन त्यांत आंतड्याच्या स्नायूची पट्टी ठेविली. पहिल्या रक्तांत पट्टी नेहमीप्रमाणें आकुंचन पावत राहिली, दुसऱ्यांत ती शिथिल झाली. मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन नांवाचा स्राव रक्तांत उतरला होता. त्यानें हृदयाची गति वाढते, रक्तांत साखर येते आणि शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें. हा विषय त्यांनीं १९१५ च्या ग्रंथांत विस्तारानें मांडला.

मग हा स्रावच मांजराला चावावयास लावतो काय? पुष्कळांची समजूत अजून तशीच आहे. कॅनन ह्यांचे हार्वर्डमधील गुरु विल्यम जेम्स ह्यांचें मत असें, कीं शरीरांतील खळबळीची जाणीव हाच मनोविकार होय. १९२५ सालीं कॅनन व ब्रिटन ह्यांनीं गुंगी देऊन मांजरांच्या मोठ्या मेंदूचें वरचें आवरण काढलें. गुंगी उतरतांच तीं मांजरें शेपटी आपटूं लागलीं, नखें काढून चावावयास धावूं लागलीं. समोर शत्रु कोणीच नव्हता! १९२७ मध्यें दुसऱ्या कांहीं मांजरांच्या ज्या मज्जातंतुजालावर तो स्राव अवलंबून असतो, तेंच त्यांनीं काढून टाकलें. आतां त्यांचे केस उभे राहिनात. पण कुत्रा दिसतांच तीं पूर्वींसारखींच फिसकारलीं आणि दांत दाखवूं लागलीं. राग मेंदूंत उठतो, ग्रंथि त्याची चाकर आहे, असें ठरलें. गुरूंचें मत शिष्यानें अशा रीतीनें खोडून काढलें.

त्या मेंदूविरहित मांजराचें वर्णन मला निश्चिंत मनानें वाचवत नाहीं. कॅनन ह्यांच्यावरही प्राणिमित्रांनीं कठोर टीका केली. १९०८ पासून त्यांनीं अशा प्रयोगांच्या समर्थनाचें काम अंगावर घेतलें. परंतु त्याबरोबरच प्रयोगशाळांसाठीं नियमही घालून दिले, कीं प्राण्यांना नीट अन्नपाणी मिळावें आणि वेदना होणार असतील तेथें गुंगी दिली जावी.

ज्या किरणांनीं त्यांना पहिला शोध दाखविला, त्यांपासून स्वतःचें रक्षण कसें करावें हें त्या काळीं पुरतें कळलेलें नव्हतें. उतारवयांत त्वचेच्या दीर्घ व्याधीनें त्यांना गांठलें. १९४२ मध्यें ते निवृत्त झाले आणि १ ऑक्टोबर १९४५ रोजीं वारले. त्यांचें आत्मवृत्त त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें.