दह्यातील जंतूंचे कैवारी : इल्या मेचनिकॉफ

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खारकॉव्ह शहराजवळील एका खेड्यात झाला. तो मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. बुद्धी अशी तल्लख, परंतु मन फार हळवे. १८७३ मध्ये प्रथम पत्नी क्षयाने निवर्तली, तेव्हा त्यांनी जीव देण्याचा यत्न केला. १८८१ मध्ये पुनः तसाच प्रसंग ओढवला. अशा पुरुषाने पुढे दीर्घायुष्याचे शास्त्र मांडावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही रोगजंतूंना अशाच गिळून टाकतात, हा सिद्धांत यातूनच उभा राहिला. १८८८ पासून पॅरिसची पाश्चर संस्था ही त्यांची कर्मभूमी झाली आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष आतड्यांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातील विषाने अकाली वार्धक्य येते, आणि दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू ही कुजण थांबवितात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील दह्यात असा एक जंतू स्टामेन ग्रिगोरोव्ह यांना १९०५ मध्ये सापडलाच होता. मेचनिकॉफ स्वतः नित्य आंबवलेले दूध घेत. १९१६ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते पॅरिसला निवर्तले.

त्यांचे सारेच खरे ठरले नाही. तो बल्गेरियन जंतू मनुष्याच्या आतड्यात कायमचा वस्ती करीत नाही, आणि मोठे आतडे हे काही विषाचे कोठार नव्हे. परंतु मूळ दिशा अचूक होती. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या अस्तरातच असतो. हितकर जंतू आम्ल निर्माण करून उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. आतड्यातील काही जंतू अन्नातील तंतूंपासून जी आम्ले बनवितात, त्यांवर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात व संरक्षक पेशींचा अवाजवी क्षोभही आवरला जातो. मात्र प्रत्येक जंतूचा गुण निराळा. एकाचा लाभ दुसऱ्यापासून मिळेलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाने वर्गात वर्षानुवर्षे जंतू म्हणजे शत्रू एवढेच शिकविले, आणि घरी मात्र रोज विरजण लावलेले दही खाल्ले!

मेचनिकॉफ यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.