डॉक्टर बॉब : एक गृहस्थाश्रमी सेवाव्रती

ज्या घरातील कर्ता पुरुष मद्याच्या आहारी गेला, त्या घराची अवस्था काय होते, हे आपल्या ज्ञातिबांधवांस निराळे सांगावयास नको. अशा घरात दारिद्र्याहूनही अधिक जाचते ती लज्जा. पाहुण्याची चाहूल लागताच दार लोटले जाते आणि घरातील माउली चारचौघांत खोटे बोलावयास शिकते. अशाच एका घरातून पुढे सहस्रावधी घरांना आधार देणारा पुरुष निर्माण झाला. त्याचे चरित्र दूर अमेरिकेत घडले असले, तरी ते आपल्या प्रत्येक कुटुंबाने मनन करण्याजोगे असल्यामुळे येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी या गावी झाला. वडील न्यायाधीश होते. घरातील वळण धार्मिक व शिस्तीचे. डार्टमथ महाविद्यालयातून ते १९०२ साली पदवीधर झाले. परंतु विद्येबरोबरच मद्यपानाची सवयही तेथेच जडली. वैद्यकीच्या अभ्यासात या सवयीने त्यांचा पदोपदी घात केला. मिशिगन विद्यापीठ सोडून शिकागोच्या रश वैद्यकीय महाविद्यालयात जाणे त्यांना भाग पडले. तेथील अंतिम परीक्षेत हात इतके कापू लागले, की उत्तरपत्रिका कोऱ्याच द्याव्या लागल्या. दोन सत्रे अधिक काढून, त्या काळात मद्यास न शिवता, १९१० साली त्यांनी पदवी मिळविली आणि ओहायो राज्यातील ॲक्रन या शहरी ते स्थायिक झाले.

तारुण्याच्या उंबरठ्यावर ओळख झालेल्या ॲन रिपली यांच्याशी त्यांचा विवाह जमण्यास तब्बल १७ वर्षे लागली. २५ जानेवारी १९१५ रोजी हा विवाह झाला. १९१८ साली पुत्र झाला. पुढे एका कन्येस त्यांनी दत्तक घेतले. पत्नीवर व मुलांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते. तथापि प्रेम असूनही मनुष्य व्यसनापुढे किती दुबळा ठरतो, याचे ते जिवंत उदाहरण होते. कोळशाच्या पेटीत, दाराच्या वरच्या तुळईवर, तळघराच्या फटींत ते बाटल्या दडवीत. पायमोज्यांतही लहान बाटल्या खोचून आणीत. ॲनबाई त्या शोधीत, विनवण्या करीत; डॉक्टर वचन देत आणि मोडीत. शस्त्रक्रियेसाठी हात स्थिर राहावेत म्हणून सकाळी गुंगीचे औषध व सायंकाळी मद्य, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली, तेव्हा आता आपण आपोआप सुटू, असे त्यांस वाटले. परंतु औषधासाठी मद्य मिळविण्याची मुभा वैद्यांना होती. दूरध्वनीच्या सूचीतून कोणाचे तरी नाव घ्यावे, त्या नावाने चिठ्ठी लिहावी आणि मद्य आपण प्यावे, हा मार्ग त्यांनी काढला. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी अधिनियमाचा काळ ज्या कुटुंबांच्या स्मरणात आहे, त्यांना कायद्याच्या या मर्यादेचे नवल वाटणार नाही.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे गृहस्थ व्यवसायानिमित्त ॲक्रनला आले. तेही पूर्वी अट्टल मद्यपी. पाचच महिन्यांपूर्वी सुटलेले. व्यवहार फसल्याने मन खचले आणि उपाहारगृहातील मद्यालय त्यांना खुणावू लागले. आपण तरावयाचे तर दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशी बोलले पाहिजे, हे जाणून त्यांनी चर्चमंडळींकडे चौकशी केली आणि हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या मध्यस्थीने डॉक्टरांची गाठ ठरली. आदल्या दिवशी डॉक्टर पत्नीसाठी मातृदिनाची फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले होते. पण स्वतः इतके प्यालेले, की भेट दुसऱ्या दिवशीवर ढकलावी लागली. १२ मे रोजी अवघी १५ मिनिटे बसण्याच्या अटीवर ते गेले आणि ६ तासांहून अधिक काळ बसले. पाहुण्याने उपदेश केला नाही, दोष दिला नाही. केवळ आपली कथा सांगितली. आपल्या दुःखाची भाषा जाणणारा माणूस डॉक्टरांना प्रथमच भेटला.

तरीही एकदा पाय घसरला. वैद्यक परिषदेसाठी ॲटलांटिक सिटीला गेले असता ते पुन्हा प्याले. परतल्यावर पत्नी व विल्सन यांनी त्यांची शुश्रूषा करून त्यांना शस्त्रक्रियेसाठी उभे केले. शस्त्रक्रिया आटोपली, पण डॉक्टर तासन् तास घरी परतेनात. घरच्यांच्या मनात नको ती शंका आली. प्रत्यक्षात ते आपले धनको व आपण दुखविलेली माणसे यांच्या दारोदार जाऊन चूक कबूल करीत फिरत होते. १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस. अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस ही संस्था हाच आपला स्थापनादिन मानते.

त्यानंतर स्मिथांचे घर हेच रुग्णालय झाले. ज्या घराने एका मद्यप्यास वर्षानुवर्षे झाकले, त्याच घराची दारे अनोळखी मद्यप्यांसाठी उघडली. ॲनबाई त्यांना जेवू घालीत, त्यांच्या पत्नींना धीर देत. ऑगस्ट १९३९ पासून सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्या साहाय्याने डॉक्टरांनी ५,००० हून अधिक मद्यप्यांची सेवा केली आणि त्याबद्दल मोबदला घेतला नाही. दुसऱ्यास सावरताना आपणही सावरलेले राहतो, हे त्यांचे मर्म होते. स्वतःची तृष्णा मात्र सुमारे अडीच वर्षे त्यांच्या पाठीशी लागलीच होती; त्या काळातही त्यांचे सेवाकार्य थांबले नाही.

१ जून १९४९ रोजी ॲनबाई निवर्तल्या. कर्करोगाने जर्जर असतानाही जुलै १९५० मध्ये क्लीव्हलँड येथील संमेलनात डॉक्टर थोडा वेळ बोलले आणि १६ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. भव्य स्मारकाची कल्पना त्यांनी आधीच नाकारली होती. पतिपत्नींच्या साध्या समाधिशिलेवर संस्थेचा उल्लेखही नाही. पुढे १९५७ च्या सुमारास या संस्थेचे कार्य मुंबईतही सुरू झाले आणि आज महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीतूनही भरतात.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्यातील एखाद्या घरी हे संकट असेल, तर त्या घरास वाळीत टाकू नका आणि त्या घराने ते लपवूही नये. या रोगातून जो सुटला आहे, त्याने आपली प्रतिष्ठा बाजूस ठेवून त्या दारी जावे आणि आपली कथा सांगावी. ॲक्रनमध्ये त्या सायंकाळी याहून अधिक काही घडले नव्हते.