सावित्रीमाई : शाळेपलीकडची शुश्रूषा

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या निवासी शाळेत एखादी मुलगी नऊवारी नेसून सावित्रीमाईंची भूमिका करते. तिच्यावर शेणमाती टाकणाऱ्या सनातन्यांची सोंगेही मुलीच घेतात. पिशवीतून दुसरे लुगडे काढण्याचा प्रसंग आला की सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. हे स्मरण योग्यच आहे, परंतु अपुरे आहे. सहासष्ट वर्षांच्या त्या आयुष्याचा फार मोठा भाग सावित्रीमाईंनी आजारी, उपाशी आणि समाजाने टाकून दिलेल्या मुलामुलींच्या उशाशी काढला. खडू-फळ्याची सावित्री आपल्याला पाठ आहे. रात्री कंदील घेऊन बाळंतिणीजवळ बसणारी, तापाने फणफणलेले लेकरू पाठीवर घेणारी सावित्री मात्र आपण जयंतीच्या भाषणात दोन वाक्यांत उरकतो. ज्या संस्थेत मुले-मुली केवळ शिकत नाहीत तर राहतात, आजारी पडतात, वयात येतात, त्या संस्थेच्या स्मरणिकेत ही दुसरी बाजू विस्ताराने सांगितली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांची आई त्यांच्या बालपणीच निवर्तली होती. त्यांचे संगोपन सगुणाबाई क्षीरसागर या विधवा नातलग स्त्रीने केले. सगुणाबाई एका मिशनऱ्याकडे अनाथ मुलांचा सांभाळ करीत असत. परक्या लेकराला आपले मानून न्हाऊमाखू घालण्याचा हा धडा सावित्रीबाईंना सासरच्या उंबरठ्यातच मिळाला. पुढे जोतीरावांनी त्यांना अक्षरओळख करून दिली आणि अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे व पुण्यात त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, १८४९ मध्ये या कार्यापायी पतिपत्नीला घर सोडावे लागले, उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमाबी शेख सहकारी म्हणून लाभल्या. हा इतिहास आपणा सर्वांस ज्ञात आहे.

या शाळांमध्ये शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून आपण त्याचा गौरव करतो. परंतु त्यातील एका भागाकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, आणि आजार जडला तर वैद्याला द्यायला पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न या मुलीने त्या वयात मांडला आहे. चौदा वर्षांची पोर लिहायला शिकल्यावर बाळंतपणाच्या वेदनेवर लिहिते, याचा अर्थ तिने ते हाल डोळ्यांनी पाहिलेले होते आणि शाळेने तिला त्यावर बोलण्याचे धैर्य दिले होते. फुले दांपत्याच्या शाळेत आरोग्याचा प्रश्न असा विद्यार्थिनीच्याच लेखणीतून उमटला.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ती एकापाठोपाठ वाचताना मला एक गोष्ट जाणवली. तिन्ही पत्रांच्या मुळाशी माणसाच्या देहावर आलेले संकट आहे. पहिल्यात आजार, दुसऱ्यात गर्भ, तिसऱ्यात भूक.

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई दीर्घ आजारातून उठत होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावला होत्या. भावाने त्यांची सेवा मनोभावे केली, पण महार-मांगांसाठी चाललेल्या कामाबद्दल दूषणही दिले. अंगात बळ नसतानाही त्यांनी त्याला ठाम उत्तर दिले. त्याच पत्रात, आपल्या अनुपस्थितीत फातिमाबीवर कामाचा ताण पडत असेल, ही काळजी त्या व्यक्त करतात. स्वतः अंथरुणाला खिळलेली बाई सहकारिणीच्या श्रमाचा विचार करते. पुढच्या सगळ्या कार्याचे बीज या एका काळजीत दिसते.

त्या काळातील उच्चवर्णीय घरांत आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने होत. नवरा वारला की वयात येण्याआधीच ती मुलगी विधवा ठरे. केशवपन, एक वेळचे जेवण आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीचा कोपरा तिच्या वाट्याला येई. घरातल्याच पुरुषाने तिच्यावर जबरदस्ती केली तर दोष तिचा. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण समाजाने तो मानला नव्हता. दिवस गेले की अशा मुलीपुढे तीनच वाटा उरत. विषारी औषधाने गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा विहीर जवळ करणे. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर असाच प्रसंग आला. एका शास्त्र्याने तिला फसवले. तिने जन्मलेले मूल मारले आणि न्यायालयाने तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडले. फसवणारा पुण्यातच राहिला.

फुले दांपत्याने यावर केवळ हळहळ व्यक्त केली नाही. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि त्याची माहिती देणारे कागद शहराच्या भिंतींवर लावले. फसलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यायचे की येथे ठेवायचे हे त्यांनीच ठरवावे, अशी ती व्यवस्था होती. तीन वर्षांपूर्वी, १८६० मध्ये, लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांचे शिक्षण देणारी शाळा काढली होती. पुण्यात तसे प्रशिक्षण नव्हते, देणगीदार नव्हते, सरकारी आश्रय नव्हता. बाळंतपण, बाळंतिणीचे पथ्यपाणी, तान्ह्या मुलांचे दूध-दुपटे हा सारा भार सावित्रीबाईंवर होता. ज्यांनी त्यांच्यावर शेण टाकले त्यांच्याच घरांतल्या मुली रात्रीच्या अंधारात त्यांच्या दारी येत, आणि ते दार उघडत असे.

या गृहाची आकडेवारी ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी सरकारला लिहिलेल्या पत्रात आहे. तोवर पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी फक्त पाच जगली, तीस दगावली. कारणही जोतीरावांनीच नोंदवले आहे. गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच जहाल औषधे घेतलेली होती आणि त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली होती.

हा आकडा सहसा कुणी उद्धृत करीत नाही, कारण तो सत्काराच्या भाषणात बसत नाही. मला मात्र तोच सर्वांत बोलका वाटतो. पस्तीसपैकी तीस मुले गमावूनही सावित्रीबाईंनी दार बंद केले नाही. त्या मुली उशिरा येत होत्या, भीतीने येत होत्या. लाज आणि धाक यांनी निम्मे काम आधीच बिघडवलेले असे. शुश्रूषा कितीही चोख असली तरी मूल वाचवायचे असेल तर मुलीने वेळेवर बोलले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने तिला दोष देता कामा नये, हे या तीस मृत्यूंनी शिकवले.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहूनच लिहिलेले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील शारजा नावाची नुकती वयात आलेली मुलगी यांचे प्रेम जडले. मुलीला सहावा महिना होता. गावकऱ्यांनी दोघांना मारझोड करीत रस्त्याने फिरवले आणि त्यांचा जीव घेण्याची तयारी चालवली. सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. इंग्रजी कायद्यात खुनाला काय शिक्षा होते याचा धाक घालून त्यांनी जमाव थोपवला आणि दोघांना पुण्यास जोतीरावांकडे धाडले. बालहत्या प्रतिबंधक गृहात येणाऱ्या बहुतेक मुली उच्चवर्णीय होत्या. शारजा तळच्या जातीची होती. माईंच्या लेखी दोघींत फरक नव्हता.

१८७४ मध्ये दुसरी एक काशीबाई, हीदेखील ब्राह्मण विधवा, या गृहात बाळंत झाली. स्वतःचे अपत्य नसलेल्या फुले दांपत्याने तिचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. समाजाने ज्याला जन्मण्याआधीच मारायचे ठरवले होते, तो पुढे शिकून डॉक्टर झाला.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूरहून लिहिलेले. दुष्काळाने गावे ओस पडत होती, गुरे मरत होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते अन्नछत्रे चालवीत होते. त्यांना अटक झाली तेव्हा सावित्रीबाई थेट कलेक्टरला भेटल्या, कार्यकर्ते सोडवले आणि ज्वारीच्या गाड्याही मिळवल्या. पुण्याजवळ धनकवडीत समाजाने दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. पुण्यातल्या घरी तर बाहेरगावची मुले शिकायला राहतच होती. आपण आज ज्याला वसतिगृह म्हणतो ते सावित्रीबाईंनी आपल्या चुलीपाशी चालवले.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले, आणि त्या लेखनामागे सावित्रीबाईंची अहोरात्र सेवा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १८९३ च्या सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला आणि लवकरच पुण्यात शिरला. रोग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. त्यावर चालणारी औषधे तर अर्धशतक दूर होती. लोक रोगी लपवीत, आप्त आप्तांना टाकून पळत. पाणी पाजणे, अंग पुसणे, जवळ बसणे हाच काय तो उपचार, आणि तोच करायला कुणी तयार नव्हते. सावित्रीबाईंनी डॉ. यशवंतांना बोलावून घेतले आणि शहराबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना थाटला. त्या स्वतः रोगी शोधून आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच साठी उलटलेल्या माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

तथागतांनी अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूला आनंदासह आपल्या हातांनी धुतले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे असे संघास सांगितले, ही कथा विनयपिटकात आहे. डॉ. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. बुद्धांपासून फुल्यांपर्यंतचा धागा तत्त्वज्ञानातून जातो, तसाच तो मुंढव्याहून हडपसरला निघालेल्या त्या पाठीवरूनही जातो.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या उमरी परिसरातून, नांदेड-लातूरच्या कितीतरी गावांतून माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतो आणि उचल जोडीवर देतो, त्यामुळे लेकीचे लग्न लवकर उरकण्याचा मोह दाटतो. तरणी पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापाचा प्रश्नही खोटा नसतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात नववीतली एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर परतली नाही. मी हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिलो आणि वर्षअखेरीस नाव कमी केले. दोन वर्षांनी ती बाजारात दिसली. कडेवर मूल, चेहरा पांढराफटक. तिने मला ओळखले आणि नमस्कार केला. त्या नमस्काराने मला जे सुनावले ते आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने सुनावलेले नाही. सुटीत मी तिच्या वस्तीवर एक चक्कर टाकली असती तर कदाचित ती दहावी झाली असती.

आज आपल्याजवळ माईंपेक्षा पुष्कळ साधने आहेत. अठरा वर्षांआतील मुलीचे लग्न रोखणारा २००६ चा कायदा आहे, १०९८ हा क्रमांक आहे, आशाताई आहेत, आरोग्यसेविका आहे, रक्त वाढवणाऱ्या लोहाच्या गोळ्या शाळेत येतात. उणीव राहते ती विश्वासाने बोलता येईल अशा माणसाची. पाळी चुकली, पोटात दुखते, घरी लग्नाची बोलणी चालली आहेत, कुणी वाईट वागले, हे मुलीने आधी कोणाला सांगावे? वसतिगृहाच्या ताईला, वर्गशिक्षकाला, गावातल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीला सांगता आले, तर तीसमधली काही मुले आणि त्यांच्या आया वाचतात.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आणि पालकांना म्हणून एवढीच विनंती. यंदाच्या ३ जानेवारीला नाटिका अवश्य करावी. त्यात एक प्रवेश वाढवावा. रात्रीची वेळ, गंज पेठेतले घर, दारावर हलकी थाप. आत आलेल्या मुलीला माई जात विचारीत नाहीत, चूक कोणाची तेही विचारीत नाहीत. आधी पाणी देतात.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!