नाईकांचे चरित्र आणि शाळेतील शेती

शालेय अभ्यासक्रमात इतिहास हा ज्ञानाचा आणि शेती हा हातकामाचा विषय समजण्याची प्रथा जुनी आहे. ही विभागणी किती कृत्रिम आहे हे पाहावयाचे असेल, तर पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या वसंतराव नाईक यांचे चरित्र पाहावे.

नाईकांचे घराणे बंजारा समाजातील. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरणारे तांडे सैन्यांनाही रसद पुरवीत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा व्यापार बसला. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुलीस तांडा स्थिर करून शेती धरली. या घरात नांगर आला तो इतिहासातील एका उलथापालथीमुळे.

गावात शाळा नव्हती; आसपासच्या गावी शिकत वसंतराव नागपुरास पोहोचले व १९४० मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. पुसदला वकिली, १९४६ मध्ये नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये विधानसभा, पुढे कृषिखाते व महसूलखाते असा त्यांचा प्रवास झाला. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, १९७२ च्या दुष्काळातील पाझर तलावांची कामे, रोजगार हमी योजना व कापूस एकाधिकार खरेदी ही त्या कारकिर्दीची ठळक अंगे होत. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली. राहुरीच्या विद्यापीठास महात्मा फुले यांचे नाव आहे. प्राथमिक शाळेत इतिहासाबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, अशी मागणी फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे केली होती. विद्यापीठे झाली, शाळेतील ती मागणी मात्र बव्हंशी तशीच राहिली.

नाईक १८ ऑगस्ट १९७९ रोजी निवर्तले. त्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून साजरा होतो. परंतु त्यांच्याच यवतमाळ जिल्ह्याचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले. संकरित बियाणे दर हंगामास विकत घ्यावे लागते, कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, कर्ज पिढ्यान्‌पिढ्या वाहते. या गोष्टी केवळ खताच्या मात्रा शिकवून विद्यार्थ्यास कळणार नाहीत, आणि केवळ राजांच्या सनावळ्या पाठ करूनही कळणार नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची शिफारस केली आहे. तिचा अर्थ मागे पडलेल्या मुलांसाठी एक वेगळी तुकडी असा होऊ नये. पुसदच्या विद्यार्थ्याने शाळेच्या वाफ्यात ज्वारी पेरावी. त्याच वर्षी आपल्या घरचा सातबारा वाचावा, तांडा केव्हा व का स्थिरावला हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे आणि पूस नदीवरील धरणाने कोणाच्या शेतीचे रूप पालटले याचा हिशेब मांडावा. कृषिदिनी शाळेच्या आवारात एक रोप लावून वर्षभर शेतीचे नाव न काढण्यापेक्षा नाईकांचे हे स्मारक अधिक टिकाऊ ठरेल.