क्रांतिसिंह नाना पाटील : भूमिगत, पण माणसांत

मी मूळचा वाळवा तालुक्यातला. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आल्याला आता बरीच वर्षे झाली. इथले अमराठी सहकारी शिवाजी महाराजांना आणि लोकमान्यांना चांगले ओळखतात, पण नाना पाटील म्हटले की गप्प होतात. आपल्या पुढच्या पिढीचेही तेच. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा अल्पपरिचय.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातले. व्हर्नाक्युलर फायनल होऊन ते तलाठी झाले. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी घरादाराचा आधार, पण १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती सोडली. सत्यशोधक विचारांचा संस्कार होताच. धोतर, सदरा, पटका असा वेश आणि बोलणे शेतकऱ्याचे. पुढच्या बारा वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्या अनेकदा झाल्या.

१९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. वडूजला नऊ माणसे पडली. त्यानंतर साताऱ्याच्या चळवळीने वाट बदलली आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. नाना स्वतः सुमारे चव्वेचाळीस महिने भूमिगत होते. १९४६ पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. युद्धात लपण्यासाठी इतर देशांत जमिनीखाली तळघरे खोदली गेली. नानांचे तळ मात्र जमिनीच्या वरच होते. उभी पिके, मळ्यातली खोपटी, डोंगरकपारी आणि मुख्य म्हणजे लोकांची घरे. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. कोणाच्या तरी चुलीवरची भाकरी आणि सगळ्या गावाचे मिटलेले तोंड एवढ्यावर हे तळ उभे होते. आसरा देणाऱ्यालाही धोका तेवढाच होता.

१९४३ पासून या भागात प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळे तंटे मिटवू लागली, कमी खर्चाची 'गांधी लग्ने' लागू लागली. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या तरुणांनी तुफान सेना बांधली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. त्याच वर्षी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचे खोटे भांडण लावून आतल्या बंदुका पळवल्या. त्यातली मार खाणारी 'बायको' म्हणजे नानांचीच तरुण मुलगी, हौसाताई. हौसाताई २०२१ साली निवर्तल्या.

या सरकारची शिक्षाही कडक होती. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर मारले जाई, त्यावरून 'पत्री सरकार' हे नाव पडले. हे सांगितले पाहिजे. पण केवळ धाकावर माणूस चार पावसाळे लपवता येत नाही. एका फितुराने काम झाले असते.

नानांनीही किंमत मोजली. घरावर जप्ती आली, जमीन सरकारजमा झाली. याच काळात आई गेली. जिवावर उदार होऊन त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले आणि पुन्हा दिसेनासे झाले.

स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी राहिले. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच तारखेला वीस वर्षे आधी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. यापुढे त्या दिवशी बाबासाहेबांना वंदन करताना नानांचेही स्मरण व्हावे.

त्यांना लपवणाऱ्या शेकडो घरांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. नानांना आणि त्या निनावी घरांना आपल्या मंडळातर्फे विनम्र अभिवादन.