विमानातल्या पहिल्या परिचारिका

नाशिकच्या गांधीनगर परिसरात हेलिकॉप्टरच्या आवाजाचं कुणाला नवल वाटत नाही. लष्कराच्या आर्मी एव्हिएशनचे वैमानिक इथं शिकतात. पुढे सियाचीनसारख्या भागात नेमणूक झाली, की वर रसद पोहोचवायची आणि जखमी किंवा आजारी जवानाला खाली आणायचं, हे त्यांचं नेहमीचं काम होतं. जखमीला असं हवेतून हलवण्याची आणि त्याच्यासोबत शिकलेलं माणूस देण्याची कल्पना ज्यांनी आयुष्यभर लावून धरली, त्या होत्या फ्रान्सच्या मारी मार्व्हँ.

मारी यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1875 रोजी फ्रान्समधल्या ऑरियाक इथं झाला. चौदाव्या वर्षी आई गेली. वडिलांनी मुलीला पोहणं, सायकल, गिर्यारोहण, नेमबाजी असं सगळं शिकू दिलं. 1909 मध्ये त्यांनी बलूनमधून समुद्र ओलांडून इंग्लंड गाठलं आणि 1910 मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवला. विमानं तेव्हा नुकती कुठं उडू लागली होती. त्याच वर्षी मारी यांनी रुग्णवाहू विमानाची योजना फ्रेंच सरकारपुढे ठेवली. त्या रेड क्रॉसच्या परिचारिकाही होत्या, त्यामुळे जखमीला वेळेत इस्पितळ न मिळण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

सरकारनं लक्ष दिलं नाही. मारी यांनी लोकांतून पैसा उभा केला. 1912 मध्ये देपेरदुसाँ कंपनीचे अभियंते लुई बेशेरो यांच्यासह आराखडा तयार केला आणि विमानाची मागणी नोंदवली. पण कंपनीच्या मालकाचा पैशांचा घोटाळा उघडकीला आला, कंपनी बुडाली आणि विमान कधी मिळालंच नाही. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं. मारी पुरुषाच्या वेशात आघाडीवर गेल्या, ओळखल्या गेल्यावर परिचारिका म्हणून राबल्या. 1915 मध्ये मेट्झजवळच्या जर्मन तळावरच्या बॉम्बहल्ल्यात भाग घेतल्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळालं.

युद्धानंतर त्यांनी देशोदेशी व्याख्यानं दिली. 1929 मध्ये पॅरिसला वैद्यकीय विमानसेवेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या आयोजनात त्या होत्या. 1934 मध्ये मोरोक्कोत त्यांनी नागरी हवाई रुग्णसेवा उभी केली. नुसतं विमान पुरेसं नाही, हे ओळखून हवाई परिचारिकांसाठी अभ्यासक्रम आखला. 1935 मध्ये या कामाचं पहिलं प्रमाणपत्र त्यांनाच मिळालं. तेव्हा त्यांचं वय साठ होतं.

वेगळं शिक्षण कशाला हवं? कारण उंचीवर शरीराचं गणित बदलतं. जसजसं वर जावं, तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि रक्ताला ऑक्सिजन कमी मिळतो. आठ हजार फुटांवर शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशानं फुगते, तर अठरा हजार फुटांवर जवळजवळ दुप्पट होते. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचलेली असेल, तर ती फुप्फुस आणखी दाबते. जमिनीवर स्थिर वाटणारा रुग्ण त्यामुळे वर गेल्यावर गुदमरू शकतो. म्हणून अशा रुग्णाच्या छातीतली हवा उड्डाणाआधीच नळीनं काढतात. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपनं काही ऐकू येत नाही. मग श्वास, ओठांचा रंग आणि यंत्रावरचे आकडे यांवरच नजर ठेवावी लागते. जागा अरुंद, वर थंडी आणि हादरे. हे सगळं जमिनीवर शिकूनच वर जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेलिकॉप्टरमुळे जखमीला हवेतून आणणं ही सैन्यांची रीतच झाली. 1955 मध्ये पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात मारी यांचा या कार्याबद्दल गौरव झाला. वयाच्या 86 व्या वर्षी त्या सायकलवरून नान्सीहून पॅरिसला गेल्या. 14 डिसेंबर 1963 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आज सामान्य कुटुंबावरही कधी रुग्णाला विमानानं हलवण्याची वेळ येते. तेव्हा भाड्याच्या चौकशीबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत: रुग्णाची प्रकृती उड्डाणाला योग्य आहे का आणि सोबत येणाऱ्यानं या कामाचं शिक्षण घेतलं आहे का?