फादर थॉमस स्टीफन्स आणि राजाश्रयाचा धर्म

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद येथे मुक्कामास येते. त्यामुळे ओवी म्हणजे काय, हे आपल्या भागातील ख्रिस्ती जनांसही सांगावे लागत नाही. ह्याच ओवीत चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्तचरित्र गाइले. ते फादर थॉमस स्टीफन्स होत. ते रोमन कॅथलिक होते, आपल्या पंथाचे नव्हते. तथापि धर्माने राजसत्तेचा हात धरावा की काय, ह्या प्रश्नावर त्यांचे चरित्र बोधप्रद आहे, म्हणून ते वाचकांपुढे ठेवितो.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. पुढे तेथे एलिझाबेथ राणीच्या अमलात प्रॉटेस्टंट मत हाच राजधर्म ठरून कॅथलिक उपासनेस कायद्याने बंदी झाली. स्टीफन्स ह्यांचे स्नेही थॉमस पाउंड ह्यांस स्वमतासाठी सुमारे ३० वर्षे बंदिवास भोगावा लागला. हा जुलूम करणारे सरकार प्रॉटेस्टंट होते, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. स्टीफन्स रोमास गेले, १५७५ साली जेझुइट संघात शिरले, व २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले.

गोव्यात सर्व उलट होते. तेथे कॅथलिक मत हाच राजधर्म होता. इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय १५६० पासून चालू होते, आणि साष्टी प्रांतातील देवळे सरकारने १५६७ साली पाडविली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या संतप्त ग्रामस्थांनी पाच जेझुइट व त्यांचे काही सोबती ह्यांस ठार मारिले. त्यांची प्रेते मिळवून पुरण्याच्या कामी स्टीफन्सही होते. पुढे सरकारने त्या गावच्या पुढाऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात नेऊन मारिले.

स्टीफन्स ह्यांनी ह्या सत्तेशी विरोध केला असे नाही. स्वदेशी ज्यांच्या लोकांनी जाच सोसला, ते येथे जाच करणाऱ्यांच्या आश्रयास राहिले. परंतु त्यांनी लोकांची भाषा शिकण्यात आयुष्य वेचिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापिले गेले. १६१९ साली ते गोव्यातच निवर्तले. त्यांनी रचिलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली छापून निघाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. तो हुकूम व्यर्थ गेला. १८१२ साली इन्क्विझिशन उठले, १९६१ साली पोर्तुगीज राज्यही गेले. ख्रिस्तपुराण मात्र हस्तलिखितांतून टिकले, आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापिले गेले.

भारताच्या राज्यघटनेने १९५० पासून प्रत्येकास आपला धर्म मानण्याची, आचरण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक दिली आहे. खेड्यापाड्यांतून आपण थोडे आहो, म्हणून ही मोकळीक आपणांस प्रिय वाटते. जेथे आपले लोक पुष्कळ असतील, तेथे ती शेजाऱ्यासही तितक्याच मोकळ्या मनाने देण्यास आपण सिद्ध आहो काय, ह्याचा प्रत्येक मंडळीने विचार करावा, अशी आमची विनंती आहे.